'किती आहे' आणि 'किती चालेल' : विज्ञान, धोरण आणि पत्रकारिता यांच्या मधले काम

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने पृथ्वी तापवण्यात कोणत्या देशाचा किती वाटा आहे याची क्रमवारी प्रसिद्ध केली आणि तीत अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या पाठोपाठ ब्राझील, चीन आणि भारत यांना पहिल्या पाचांत बसवले. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेतील अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका काढली आणि त्याच आकडेवारीच्या आधारे भारताला त्या यादीतून जवळजवळ बाहेर काढता येते, हे दाखवून दिले. दोघांच्याही बेरजा-वजाबाक्या बरोबर होत्या. तरीही निष्कर्ष इतके वेगळे का निघाले, हे नीट समजून घेतले की विज्ञान, सार्वजनिक धोरण आणि पत्रकारिता या तिन्हींच्या मध्ये उभा राहून काम करणारा माणूस नेमके काय करतो, तेही बरेचसे कळते.

माणसाने हवेत सोडलेला सगळाच कार्बन डायऑक्साइड हवेत राहत नाही. त्यातला मोठा हिस्सा समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. मिथेनचेही हवेत काही वर्षांत विघटन होते. या साऱ्यांतून उरतो तो वायू तापमान वाढवतो. आता हा जो हिस्सा निसर्ग विनामूल्य पचवतो, तो कोणाच्या खात्यावर जमा धरायचा? अमेरिकी संस्थेने तो देशोदेशींच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटून टाकला होता. म्हणजे ज्याचा धूर जास्त, त्याला सूटही जास्त. अगरवाल आणि नारायण यांचे म्हणणे असे की समुद्र आणि वातावरण ही सर्व माणसांची समाईक मालमत्ता आहे, तेव्हा तिची वाटणी माणशी झाली पाहिजे. तशी वाटणी केल्यावर असे दिसले की पृथ्वी जेवढा कार्बन डायऑक्साइड पचवू शकते त्याच्या केवळ ६ टक्के, आणि जेवढा मिथेन पचवू शकते त्याच्या सुमारे १४ टक्के भारत सोडतो, आणि त्याची लोकसंख्या मात्र जगाच्या १६ टक्के आहे. दोन्ही बाबतींत तो आपल्या हिश्शाच्या आतच होता.

यांपैकी कोणती वाटणी योग्य, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही, कारण तो न्यायाचा प्रश्न आहे. अडचण अशी की क्रमवारी वाचणाऱ्याला हा प्रश्न दिसतच नाही. त्याच्यापुढे तयार आकडा येतो आणि आकड्याला विज्ञानाचा दाखला जोडलेला असल्यामुळे तो निमूटपणे मान्य करतो. आकड्याच्या पोटातली निवड उघडी करून दाखवणे हे मधल्या माणसाचे पहिले काम. 'अवघड विज्ञान सोपे करून सांगणारा' अशी त्याची जी ओळख सहसा करून दिली जाते, ती मला अपुरी वाटते. सोपे करून सांगणारे पुष्कळ असतात. आकड्यातला कुठला भाग मोजलेला आहे आणि कुठला भाग ठरवलेला आहे, हे वेगळे काढणारे थोडे.

याच वादाला एक दुसरी, निखळ मोजमापाची बाजूही होती. पाणी साचलेल्या भातखाचरात ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू चिखलातले सेंद्रिय द्रव्य कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. भारतातील खाचरांमधून दरवर्षी सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन बाहेर पडतो, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता आणि तो प्रामुख्याने अमेरिका व युरोप येथील शेतांतल्या नोंदींवरून बांधलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा हा आकडा ४० लाख टनांच्या आसपास भरला. आपली कितीतरी खाचरे पावसावर अवलंबून असतात, त्यांत पाणी अखंड साचून राहत नाही आणि मातीत सेंद्रिय द्रव्यही कमी असते. तिकडच्या शेतांचा दर इकडे लावणे हीच मुळात चूक होती. इथे मतभेदाला जागा नव्हती. मोजमाप चुकले होते आणि त्यावरचा उपाय पुन्हा मोजणे हाच होता.

म्हणजे एकाच वादात दोन गाठी होत्या: एक मापनाने सुटणारी, दुसरी केवळ चर्चेने आणि राजकीय वाटाघाटीने सुटणारी. शास्त्रज्ञाला पहिली चांगली दिसते आणि मुत्सद्द्याला दुसरी. दोन्ही एकदम पाहून, वाटाघाटींची बैठक भरण्याआधी त्या छापील मजकुरात आणणारा माणूस अगरवालांच्या रूपाने तिथे होता, आणि १९९२ च्या रिओ येथील जागतिक पर्यावरण परिषदेकडे जाताना भारताने दरडोई उत्सर्जनाचा जो मुद्दा लावून धरला, त्याला त्या पुस्तिकेने बळ दिले. गरिबाच्या पोटासाठी होणारे उत्सर्जन आणि श्रीमंताच्या चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत तोलू नये, हा तिच्यातला भेद हवामानविषयक चर्चांत आजही वापरला जातो.

अगरवाल मूळचे कानपूरचे. १९७० मध्ये ते तिथल्याच आयआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९७३ मध्ये 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये विज्ञानविषयक वार्ताहर म्हणून लागले. त्या काळी विज्ञानाच्या बातम्या म्हणजे अणुऊर्जा, उपग्रह आणि परदेशी शोध. अगरवाल मात्र गढवालात चिपको आंदोलनाकडे गेले आणि झाडाचा प्रश्न हा डोंगरातल्या बाईच्या सरपणाचा, चाऱ्याचा आणि पाण्याचा प्रश्न आहे, हे त्यांनी तिथे पाहिले. पुढच्या साऱ्या कामाची दिशा या एका वार्तांकनात ठरली असे म्हणता येईल. १९८० मध्ये त्यांनी आपली संस्था काढली, १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणाच्या स्थितीवर नागरिकांच्या वतीने पहिला अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्यांना केंद्रीय मंत्रिमंडळासमोर बोलायला पाचारण केले. १९९२ मध्ये 'डाउन टू अर्थ' हे पाक्षिक सुरू झाले. वार्ताहर, संशोधक आणि धोरणाचा सल्लागार या तीन भूमिका त्यांनी एकामागून एक घेतल्या नाहीत. त्या एकमेकींत मिसळलेल्याच होत्या.

हे मिसळणे कसे चालते, ते दिल्लीच्या बसगाड्यांच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. १९९६ च्या नोव्हेंबरात अगरवालांच्या संस्थेने वाहनांच्या धुरावर एक अहवाल काढला. दोष वाहनचालकाच्या माथी मारून मोकळे होण्याची जी रीत होती, ती त्याने मोडली आणि इंजिनांची रचना, इंधनातील गंधक, भेसळ आणि नियमांची ढिलाई अशी एकूण साखळी मांडली. दिल्लीच्या हवेचे प्रकरण त्याआधीच, १९८५ पासून, सर्वोच्च न्यायालयात होते. १९९८ च्या जानेवारीत भुरे लाल यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले आणि अगरवाल त्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी २८ जुलैला न्यायालयाने आदेश दिला की ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीतील सर्व बस सीएनजीवर चालल्या पाहिजेत.

आदेश निघाला म्हणजे काम झाले, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. खरी झुंज त्यानंतरच्या चार वर्षांत झाली. मुदती वाढत गेल्या, सीएनजीच्या पंपांवर रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले, आणि डिझेल पुरेसे स्वच्छ करता येत असताना एकाच इंधनाची सक्ती कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला. केंद्र सरकारने २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. गोव्यातील माशेलचे सुपुत्र असलेले हे शास्त्रज्ञ तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक होते. समितीचे तत्त्व असे की सरकारने धुराची मर्यादा ठरवून द्यावी. ती कोणत्या इंधनाने आणि कोणत्या यंत्राने पाळायची, हे उत्पादकांवर सोडावे.

पुस्तकी दृष्टीने हे तत्त्व चोख आहे, आणि जगभरच्या धोरणतज्ज्ञांना ते पटेल. अगरवाल आणि त्यांचे सहकारी त्याला हरकत घेत होते ती जमिनीवरच्या कारणाने. त्या वेळी दिल्लीत मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक होते. धुरातले कण अडवणारी गाळणी नीट चालण्यासाठी ते ५० किंवा त्याहून कमी असावे लागते. शिवाय डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा उघड धंदा होता. मर्यादा कागदावर कितीही कडक केली तरी टाकीत काय पडते आहे याची खात्री नसेल तर ती पाळली जाणार कशी? सीएनजीत भेसळ करता येत नाही, हे त्याच्या बाजूचे साधे आणि निर्णायक कारण होते. ५ एप्रिल २००२ च्या निकालात न्यायालयाने सीएनजीचा आदेश कायम ठेवला, माशेलकर समितीत सार्वजनिक आरोग्याचा एकही जाणकार नसल्यावर बोट ठेवले, आणि डिझेलवर धावणाऱ्या बसला दिवसाला ५०० रुपये व तीस दिवसांनंतर १००० रुपये दंड लावला. वर्ष संपेपर्यंत शहरातली डिझेलची बस बंद झाली. हे पाहायला अगरवाल नव्हते; २ जानेवारी २००२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

दिल्लीची हवा त्यानंतर कायमची सुधारली, असे अर्थातच झाले नाही. खासगी मोटारींची, विशेषतः डिझेल मोटारींची संख्या वाढत गेली आणि बसच्या बदलाने मिळवलेले त्यांनी हळूहळू खाऊन टाकले. एखाद्या धोरणाचे यश मोजताना ते झाले नसते तर काय झाले असते, हे विचारावे लागते, आणि या प्रश्नाला बातमीच्या रकान्यात क्वचितच जागा मिळते.

संस्थेचे पुढचे मोठे प्रकरण सुनीता नारायण यांच्या काळातले, आणि 'किती आहे' व 'किती चालेल' यांतला फरक शिकायला त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. २००३ च्या फेब्रुवारीत संस्थेने बाटलीबंद पाण्यातील आणि ऑगस्टमध्ये शीतपेयांतील कीटकनाशकांच्या अंशांचे निष्कर्ष जाहीर केले. लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस ही नावे घरोघरी पोचली. तुलना केली होती ती युरोपातील पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशी: एका कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सर्वांसाठी मिळून ०.५ मायक्रोग्रॅम.

कंपन्यांनी प्रयोगशाळेच्या विश्वासार्हतेवर शंका घेतली. तो मापनाचा प्रश्न होता आणि सरकारी प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करून तो हाताळता आला. त्याहून खोल आक्षेप असा होता की युरोपची ती मर्यादा पाण्यासाठी आहे, पेयासाठी नाही, आणि तिच्यापुढे गेलेले पेय पिऊन माणूस आजारी पडतो असेही कुणी सिद्ध केलेले नाही. या आक्षेपात तथ्य आहे. ०.१ हा आकडा विषाच्या मात्रेवरून काढलेला नाही. पाण्यात कीटकनाशक असूच नये, अशी भूमिका घेऊन, उपकरणांना तेव्हा जेवढे कमीत कमी दिसत होते त्याच्या आसपास तो बेतलेला आहे. म्हणजे तो वैज्ञानिक शोध नसून एका समाजाने केलेला निर्णय आहे. पण मग उलट प्रश्न असा येतो की आपल्या समाजाने कोणता निर्णय केला आहे? उत्तर असे निघाले की शीतपेयासाठी कीटकनाशकांची अशी अंकांत मांडलेली मर्यादाच आपल्या नियमांत नव्हती. एवढे पुढे आल्यावर चर्चा प्रयोगशाळेतून उठून संसदेत गेली.

संसदेने या प्रश्नासाठी नेमलेली संयुक्त समिती स्वातंत्र्यानंतरची चौथी; आधीच्या तीन बोफोर्स आणि शेअर बाजारातील दोन घोटाळे यांसाठी होत्या. अध्यक्षपदी शरद पवार होते. २००४ च्या फेब्रुवारीत समितीने संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य धरले आणि पेयांसाठी मर्यादा आखण्याची शिफारस केली. बाटलीबंद पाण्याची मर्यादा तर त्याआधीच, जुलै २००३ मध्ये, अधिसूचनेने कडक झाली होती. वर्तमानपत्रांनी मात्र बहुतेक जागा 'अमुक पेयात इतके पट विष' या मथळ्यांना दिली. 'इतके पट' कशाच्या, हे वाक्य ज्या बातमीत नव्हते ती बातमी अर्धीच होती, असे माझे मत आहे.

या पेशाचा धोकाही इथेच आहे. अगरवाल ज्या प्राधिकरणाचे सदस्य होते, त्याच्याच कामाविषयी त्यांचे पाक्षिक लिहीत होते. स्वतः तपासणी करायची, स्वतः बातमी द्यायची आणि स्वतःच न्यायालयाला सल्ला द्यायचा, हे एका जागी आले की कोणी कोणाला तपासायचे हा प्रश्न उरतो. पक्ष घेतलेला आहे हे उघड सांगणे आणि आकडे व पद्धत दुसऱ्याला पडताळता येतील अशा रीतीने छापणे, हे त्यावरचे उत्तर. ते पुरेसे आहे का, यावर दुमत होऊ शकते. मला स्वतःला निःपक्षपातीपणाचा आव आणून अपुरी माहिती देणाऱ्या लेखनापेक्षा बाजू उघड करून पुरती आकडेवारी देणारे लेखन बरे वाटते.

महाराष्ट्रात या जातीचे काम ज्यांनी चिकाटीने केले, त्यांत पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचा ऊर्जा गट पहिला आठवतो. गिरीश संत आणि त्यांचे सहकारी पेशाने इंजिनिअर. नव्वदच्या दशकात एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पावर राज्यभर सभा-मोर्चे चालू असताना त्यांनी वीज खरेदीच्या करारातील सूत्रे सोडवायला घेतली. करारात विजेचा दर दोन भागांत होता. इंधनाचा खर्च वीज घेतली तर द्यायचा. भांडवलापोटीचा स्थिर आकार मात्र प्रकल्प वीज द्यायला तयार असला की, राज्य वीज मंडळाने ती घेतली किंवा न घेतली तरी, भरायचाच, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. म्हणजे मागणी अपेक्षेपेक्षा कमी निघाली किंवा रुपया घसरला, तर तोटा कोणाच्या पदरात पडणार हे करारातच लिहिलेले होते. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. पुढे राज्य वीज नियामक आयोगासमोरील जाहीर सुनावण्यांत याच गटाने मंडळाच्या हिशेबाचा आणखी एक धागा ओढला: कृषिपंपांना मीटर नसल्यामुळे त्यांचा वापर फुगवून दाखवता येतो आणि तेवढ्याने गळती व चोरीचा आकडा आपोआप लहान होतो. शेतकऱ्याच्या नावावर किती वीज पडते आणि प्रत्यक्षात किती जाते, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या मुळाशी होता.

या कामाला ठरावीक पदवी नाही. अमेरिकेत विज्ञानाच्या प्रगतीसाठी काम करणारी एएएएस ही संघटना १९७३ पासून संशोधकांना वर्षभरासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पाठवते. ब्रिटिश संसदेत १९८९ पासून विज्ञान-तंत्रज्ञानाचे स्वतंत्र कार्यालय आहे, आणि ते खासदारांना चार-चार पानांची टिपणे पुरवते. आपल्याकडे २००५ मध्ये सुरू झालेल्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या शिष्यवृत्तीतून तरुण पदवीधरांना एखाद्या खासदाराबरोबर काम करायला मिळते, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचीही धोरणविषयक शिष्यवृत्ती आहे, आणि आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचे केंद्र आहे. दरवाजे आहेत; मात्र त्यांतून आत गेल्यावर बांधलेली वाट नाही, आणि पगाराची खात्री तर नाहीच.

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा मोठी आहे. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. मात्र तिचा भर कुतूहल आणि अंधश्रद्धा निर्मूलन यांवर राहिला. राजपत्रातला मसुदा, नियामकाचा आदेश, तारांकित प्रश्नाचे उत्तर, करारातले परिशिष्ट, यांतील विज्ञान वाचून दाखवणारे लेखन त्या मानाने विरळ आहे. पश्चिम घाटावरील माधव गाडगीळ समितीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला सादर झाला. माहितीच्या अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. ग्रामसभांनी चर्चा करून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा ठरवाव्यात असे सुचवणारा हा अहवाल त्या ग्रामसभांना त्यांच्या भाषेत वेळेवर मिळाला नाही, आणि मधली जागा अफवांनी भरून काढली.

ज्याला हे काम करून पाहायचे असेल, त्याने सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातील एखादी पर्यावरणविषयक जनसुनावणी निवडावी. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि सुनावणीआधी किमान तीस दिवस लोकांना वाचायला मिळावा लागतो. तो सारांश घेऊन बसावे आणि आधी शेवटचा निष्कर्ष न वाचता नमुने कोठून व कोणत्या महिन्यात घेतले ते शोधावे. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी पुरते. कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या कारखान्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी तपासून 'सर्व घटक मर्यादेत' असे लिहिलेले असेल, तर ते खोटे असेलच असे नाही. पण ओढे भरून वाहतात, आवारातले सारे धुऊन खाडीत जाते आणि विहिरींची पातळी वर येते, त्या जून ते सप्टेंबरबद्दल त्या वाक्यात काहीही सांगितलेले नसते, आणि सुनावणीत विचारायचा पहिला प्रश्न तोच.